दांड्याएवढी वाट

रोज सकाळी पावणेसातला एवान्थिया कचऱ्याची पिशवी घेऊन दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरायची, आणि पिशवीबरोबर घरातली एक वस्तू. एकच. पिशवी डब्यात जायची. वस्तू डब्याशेजारच्या बुटक्या भिंतीवर ठेवायची, नीट पुसून, तोंड रस्त्याकडे करून. मग मागं न बघता वर यायचं, हात धुवायचे आणि कॉफी चढवायची. कॉफीच्या आधी वस्तू, हा नियम होता. कॉफी प्यायली की माणूस बसतो, आणि बसला की त्या वस्तूची बाजू घ्यायला लागतो, असं तिचं म्हणणं.

कधी पितळी खलबत्ता, कधी सुतळीनं बांधलेले सहा रुमाल, कधी झाकण नसलेलं भांडं. भांडं नसलेली झाकणं त्याहून जास्त निघाली.

त्याच वेळी वरच्या मजल्यावरची स्तामातिया कामाला निघायची. थासोस बेटाला जाणाऱ्या बोटींच्या तिकीटघरात ती बसे, आणि पहिली बोट सुटायच्या आधी तिला खिडकी उघडायची असे. भिंतीपाशी ती हमखास थबकायची, वस्तू उलटीपालटी करून बघायची, आणि पुष्कळदा बोट चुकायची वेळ आली तरी परत वर जाऊन ती घरात टाकून यायची.

"मावशी, तुम्ही खाली आणता, मी वर नेते. आपल्या दोघींच्यात बिचाऱ्या लिफ्टचा जीव जाणार."

"ने, ने. तुझ्या घरात पाय ठेवायला जागा उरली नाही की मला सांग. मग समजेन माझं घर झालं म्हणून."

हे सगळं सुरू झालं ते अर्गिरोच्या अंगावरून वारं गेल्यावर.

अर्गिरो तिची थोरली बहीण, पाच वर्षांनी मोठी. फेब्रुवारीतल्या एका दुपारी उशांचे अभ्रे इस्त्री करता करता ती एका बाजूला कलली. इस्त्री अभ्र्यावरच राहिली. एवान्थियाला आधी जळका वास आला आणि मग बहीण दिसली. हॉस्पिटलात एक महिना गेला. उजवी बाजू परत आली नाही. तिथून अर्गिरोला शहराबाहेर, पूर्वेच्या रस्त्यावरच्या वृद्धाश्रमात ठेवलं. तिथल्या बाईंनी एवान्थियाला समोर बसवून समजावलं होतं. बहिणीला घरी नेता येईल, का नाही? पण चाकाची खुर्ची दारापासून पलंगापर्यंत गेली पाहिजे. पलंगाला दोन्ही बाजूंनी जाता आलं पाहिजे. खुर्ची वळली पाहिजे. "घर कसं आहे तुमचं?" बाईंनी विचारलं.

"भरलेलं," एवान्थिया म्हणाली.

ते का भरलं, हे सांगायचं तर फार मागं जावं लागतं. उत्तर ग्रीसमधल्या कावाला शहराच्या चढावर वडिलांचं बैठं घर होतं. अंगण, तळघर, भट्टी, माळा. वडील तंबाखूच्या गोदामात सुतार. आई माग टाकून बसलेली. दोन मुली, म्हणून सगळं दोनदा. दोन पेट्या चादरी, दोन संच तांब्याची भांडी, आठ-आठ जाड लोकरी घोंगड्या, गालिचे. त्यांच्यात थोरलीचं झाल्याशिवाय धाकटीचं करत नसत. अर्गिरोचं ठरलं, पण मुलगा ऑस्ट्रेलियाला गेला आणि तिथलाच झाला. एवान्थियाला पोस्टातला एक कारकून विचारत होता. तीन वर्षं तो थांबला. थोरलीचं पुढं काही जमेना, तेव्हा त्यानं जवळच्या क्झान्थी गावची मुलगी केली. त्यानंतर कोणी कोणाला विचारलं नाही. एवान्थिया स्वेटरच्या कारखान्यात एकतीस वर्षं गळे शिवत राहिली, अर्गिरोनं घर सांभाळलं. पुढं अठ्ठ्याहत्तर साली ते बैठं घर बांधकामवाल्याला दिलं, त्यानं तिथं इमारत उभी केली आणि बदल्यात यांना तीन खोल्या दिल्या. तळघर, माळा, अंगण, सगळं त्या तीन खोल्यांत आलं. दोन लग्नांचं सामान होतं, लग्न एकही नव्हतं.

तीन खोल्या म्हणजे स्वयंपाकघर, मागची झोपायची, आणि पाहुण्यांची. पाहुण्यांची खोली मोजण्यात धरायची नाही. ती कुलपात असायची.

एवान्थियानं वृद्धाश्रमात जाऊन शिवणकामाच्या टेपनं खुर्चीची रुंदी मोजली. घरी येऊन फरशी पुसायच्या फडक्याचा दांडा घेतला, खुर्चीएवढा अधिक दोन बोटं अशी खूण केली, आणि वडिलांच्या करवतीनं तो कापला. मग दांडा पोटाशी आडवा धरून, दोन्ही हातांत, ती बाहेरच्या दारातून आत चालू लागली. पहिल्याच पावलाला अडली. चपलांचं कपाट. पुढं आईची पेटी, त्यापुढं कपाटावर कपाट, कपाटावर खोकी. त्या दिवशी ती चार पावलं गेली आणि तिनं ठरवलं. जिथं दांडा अडेल, तिथलं जाईल.

पहिल्या आठवड्यात तिनं एक अख्खं कपाट एका दिवसात रिकामं करायला घेतलं होतं. दुपारी बारा वाजता ती अभ्र्यांच्या ढिगात जमिनीवर बसली होती, आणि संध्याकाळ व्हायच्या आत सगळं जसंच्या तसं परत आत गेलं होतं, घड्यासुद्धा त्याच. तेव्हा तिला कळलं की आपल्या अंगात रोजची एक वस्तू एवढंच बळ आहे. गुडघेही तेच म्हणत होते.

मंगळवार, गुरुवार, रविवार ती बसनं अर्गिरोकडे जायची. अर्गिरोची वाचा गेली नव्हती, फक्त मंदावली होती. शब्द ओठांच्या एका कडेनं घसरत बाहेर यायचे, पण धार तीच.

"आज काय फेकलंस?"

"फेकलं नाही. ठेवलं."

"कुठं?"

"भिंतीवर."

"म्हणजे फेकलंस. काय ते सांग."

"तो निळा जग."

"माझा?"

"आपला."

"आपला कसा? कान तुटलेला निळा माझा. तुझा पांढरा."

"पांढरा परवाच गेला, ताई."

अर्गिरोनं जरा विचार केला. "मग ठीक आहे," ती म्हणाली. "पण लबाडी नको. एक तुझं, एक माझं."

तसंच ठरलं. एक दिवस हिचं, एक दिवस तिचं. दोघींचं सामान इतकं सारखं होतं, की कुठलं कोणाचं हे जगात फक्त त्या दोघींनाच सांगता आलं असतं. आईनं एकीच्या चादरी-घोंगड्यांवर कोपऱ्यात लाल टाका घातला होता, दुसरीच्या निळा. अर्गिरोचा लाल. पलंगावर पडल्या पडल्या ती घर चालत असे. "आता चपलांचं कपाट गेलंय. पेटी गेली. मग तू आरशाजवळ पोचली असशील." आणि एवान्थिया खरंच आरशाजवळ पोचलेली असायची.

ऑक्टोबरात गालिचेवाल्याचा फोन आला. कावालातल्या सगळ्याच बायकांसारख्या यांचे गालिचेही मे महिन्यात धुवायला जात, उन्हाळाभर तिथंच गुंडाळून राहत, आणि संत दिमित्रिओसच्या सणाला, थंडी लागली की, परत घरात अंथरले जात.

"बाई, सोमवारी घेऊन येऊ?"

"यंदा नको."

"मग पुढच्या सोमवारी?"

"आणूच नकोस. गालिच्यावर चाक चढत नाही."

"मग त्यांचं करू काय मी?" तो बिचारा चाळीस वर्षं ते गालिचे धूत होता. "बाई, हे हातमागावरचे आहेत. आता असं काही मिळत नाही."

"म्हणून तर तुला देतेय. ज्यांच्या घरात कोणी चालत असेल, त्यांना दे."

फोन ठेवल्यावर ती हसली. आजवर सगळ्यात जड सामान काही न उचलता गेलं होतं, नुसतं परत न आणून. असं आणखी काय काय घरी न आणता चाललं असतं, याचा विचार करत ती बराच वेळ टेलिफोनपाशीच उभी राहिली.

घोंगड्यांच्या बाबतीत मात्र ती खोटं बोलली. जाड, काटेरी, एकेक पोरासारखी जड. सोळाच्या सोळा तिनं त्या हिवाळ्यात दिल्या, पंधरा चर्चच्या बायकांना आणि एक भिंतीवर. एक तुझं एक माझं करत बसली असती, तर दर खेपेला अर्गिरोनं आईचं नाव काढलं असतं.

"घोंगड्या आहेत ना गं?"

"आहेत."

"बरं झालं. रविवारी येताना लाल टाक्याची एक आण. इथं पांघरूण देतात ते नुसतं कागदासारखं."

शनिवारी एवान्थिया स्तामातियाच्या दारात उभी राहिली.

"पोरी, ती भिंतीवरची घोंगडी तूच नेलीस ना?"

"मावशी, वस्तू परत मागायची पद्धत कधीपासून सुरू झाली?"

"आजपासून. आणि उद्यापासून बंद."

रविवारी अर्गिरोनं घोंगडी डाव्या हातानं नाकाशी धरली.

"हिला मांजराचा वास येतोय."

"हं."

"आपल्याकडे मांजर नाही."

"नाही."

अर्गिरो बहिणीकडे बघत राहिली. मग तिनं घोंगडीचा कोपरा चाचपला आणि लाल टाका बोटाखाली येईपर्यंत चाचपत राहिली. "किती उरल्यात?"

"ही."

एवान्थिया बोलणी खायच्या तयारीत बसली होती. पण अर्गिरोनं घोंगडी हनुवटीपर्यंत ओढली. "मग हिला सांभाळ," एवढंच म्हणाली. आणि जरा वेळानं, खिडकीकडे तोंड करून, "मला इथून ने गं एवा. रात्री सगळ्याजणी कण्हतात. मला वाटतं मीच कण्हतेय."

त्यानंतर अर्गिरोनं कधी विचारलं नाही, आज काय फेकलंस. ती विचारायची, "कुठवर आलीस?"

दुसरा हिवाळा एवान्थियाला जड गेला. खाली जाताना काही वाटायचं नाही, पण वर येताना लिफ्टमध्ये उभ्या उभ्याही दम लागायचा. लिफ्टमध्ये कुणी लावलेला आरसा होता. त्यात दिसणाऱ्या बाईचा रंग तिला आवडेना. डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि जड उचलू नका म्हणून सांगितलं. "जड काय आहे घरात आता," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी शिवणयंत्राचं लोखंडी पायडल लिफ्टपर्यंत ओढत नेलं. ते तिचं स्वतःचं होतं. कारखान्यातून निवृत्त होताना मिळालेलं.

डिसेंबरात दांडा दारापासून स्वयंपाकघरापर्यंत कुठंही न लागता गेला. जानेवारीत तो मागच्या खोलीच्या दारात पोचला. आत दोन भिंतींना लागून दोन पलंग होते. त्यातल्या एकाला दोन्ही बाजूंनी जागा करायची तर दुसरा काढणं भाग होतं. एवान्थियानं आपला काढला. स्तामातियाच्या नवऱ्यानं तो सुटा करून खाली नेला आणि त्याला त्याचं काही विशेष वाटलं नाही. पण संध्याकाळी स्तामातिया खाली आली तेव्हा तिला स्वयंपाकघरात, चुलीजवळ, घडीची खाट दिसली.

"मावशी, हे काय? तुम्ही इथं झोपणार?"

"ऊब असते."

"मावशी!"

"अगं, मी झोपते कुठं फार? पाठ टेकते."

त्याच महिन्यात अर्गिरोच्या छातीत कफ झाला. बारा दिवस ताप उतरेना. मंगळवार, गुरुवार, रविवारच नव्हे, एवान्थिया रोजच जाऊ लागली. अर्गिरो बरी झाली, पण अर्धी उरली. आश्रमाच्या डॉक्टरीणबाई बाहेर व्हरांड्यात म्हणाल्या, "न्यायचं असेल तर या वसंतात न्या. पुढच्या हिवाळ्याचं मी काही सांगत नाही." एवान्थियानं मान हलवली. बहिणीचा पुढचा हिवाळा आणि आपला दम, यांतलं आधी काय संपेल, हे ती बसमध्ये मनातल्या मनात ताडून पाहत होती.

फेब्रुवारीच्या शेवटी मिल्तोस घर बघायला आला. आश्रमात व्यायाम करून घेणारा, तिशीचा, मोठ्या पंजांचा माणूस. येताना रिकामी खुर्चीच घेऊन आला. एवान्थियानं सकाळपासून फरशी दोनदा पुसली होती. नवा कोरा एप्रन बांधला होता.

खुर्ची दारातून आत आली. बोळातून सरळ गेली. दोन्ही बाजूंनी एक-एक बोट. एवान्थिया मागून दांडा छातीशी धरून चालत होती. दोन वर्षांत पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं होतं.

मागच्या खोलीच्या दाराशी मिल्तोस थांबला. बोळ तिथं काटकोनात वळतो. त्यानं खुर्ची मागं घेतली, तिरकी घातली. पुन्हा मागं घेतली. पुढची चाकं उचलून पाहिली. कोपऱ्यातला खांब खुर्चीच्या हाताला घासला आणि थोडा चुना खाली पडला.

"काय अडतंय सांग," एवान्थिया म्हणाली. "उद्या सकाळी काढते."

मिल्तोसनं खांबावर हात ठेवला. "मावशी, इथं सामान अडत नाहीये. भिंत अडतेय."

तिनं इकडंतिकडं बघितलं, पण बोळात बसायला आता काहीच उरलेलं नव्हतं. म्हणून ती त्या चाकाच्या खुर्चीतच बसली. दांडा मांडीवर आडवा. दांडा सरळ नेऊन बघितला होता तिनं, दोन वर्षं. दांडा कधी वळवून बघितला नव्हता.

मिल्तोस आपल्या पाठीमागच्या दाराला टेकला आणि दार कुलपावर खडखडलं.

"हे कुठलं दार?"

"पाहुण्यांची खोली."

"कुलूप का?"

"पाहुण्यांची आहे," ती म्हणाली, जणू यात विचारण्यासारखं काय आहे.

"बघू का?"

किल्ली साखरेच्या डब्यामागं होती. कुलूप जरा कुरकुरलं. आत अंधार आणि मेणाचा वास. मिल्तोसनं पुढं होऊन दोन्ही बाल्कन्यांच्या दारांवरच्या झडपा वर ओढल्या, आणि ऊन फरशीवरून धावत थेट समोरच्या भिंतीपर्यंत गेलं. घरातली सगळ्यात मोठी खोली. चादरी पांघरलेले सोफे, काचेचं कपाट, आणि मधोमध वडिलांनी अर्गिरोच्या साखरपुड्यासाठी केलेलं अक्रोडाचं टेबल, बाराजणांचं. दोन इमारतींच्या फटीतून समुद्राची एक उभी पट्टी दिसत होती. ही खोली वर्षातून तीनदा उघडायची. ईस्टरला, दोघींपुरती, आणि दोघी बहिणींच्या नावांच्या सणांना, म्हणजे त्या नावांच्या संतांच्या दिवशी, जुलैत आणि सप्टेंबरात. या सणांना न बोलावता कोणीही यावं आणि बशीतला मुरांबा खाऊन जावं. त्या दोन्ही दिवशी गालिचे धुवायला गेलेले असत. म्हणजे ज्या गालिच्यांना त्या दोघी पाहुण्यांसाठी जपत होत्या, त्यांवर पाहुण्याचा पाय कधी पडलाच नव्हता.

मिल्तोसनं खुर्ची आत ढकलली आणि टेबलाभोवती फिरवून आणली. "मावशी, हे टेबल काढलं तर इथं ट्रक वळेल."

"इथं?" एवान्थिया दारातच उभी होती. "पण पाहुणे आले तर?"

"कोण येतं?"

तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. पोस्टातल्या कारकुनापासून सुरुवात करून तिनं मनातल्या मनात सगळ्यांना आठवलं असावं, कारण तोंड बराच वेळ उघडंच राहिलं.

"कोणी नाही," ती शेवटी म्हणाली. मग भिंतीला धरून हळूच म्हणाली, "दोन वर्षं रे. दोन वर्षं मी आमचंच काढत बसले."

गुरुवारी तिनं अर्गिरोला सांगितलं. पांघरुणाची कड नीट करत, तिच्याकडे न बघता.

"पाहुण्यांच्या खोलीत?" अर्गिरो म्हणाली. "पलंग? तिथं लोक बसतात."

"कोण लोक, ताई?"

अर्गिरोनंही तोंड उघडलं, आणि तिचंही उघडंच राहिलं. एवान्थियाला हसू आलं आणि लगेच खोकला. शेजारच्या पलंगावरची म्हातारी कोणाला तरी हाका मारत होती.

"टेबल कुठं जाणार?" अर्गिरोनं विचारलं.

"चर्चच्या खालच्या दालनात. श्राद्धानंतर लोक कॉफीला बसतात ना, तिथं. त्यांची टेबलं डगमगतात."

"म्हणजे आपल्या श्राद्धाला लोक आपल्याच टेबलावर बसणार."

"हो."

"कडेला ओले ग्लास ठेवू नका म्हणावं."

टेबल दारातून निघेना. अठ्ठ्याहत्तर साली, बाल्कनीला कठडे लागायच्या आधी, ते दोरांनी वर चढवलं होतं, हे एवान्थिया विसरली होती. शेवटी सामान उतरवायच्या शिडीचा ट्रक आला. टेबल जुन्या चादरीत गुंडाळलं आणि बाल्कनीवरून तिरकं होत, चारी पाय आकाशाकडे करून, ते हळूहळू खाली गेलं. समोरच्या बाल्कन्यांत बायका जमल्या होत्या. कोणीतरी खालून ओरडलं, "कोणाचं लग्न आहे?"

स्तामातिया एवान्थियाजवळ येऊन उभी राहिली. "मावशी, रडताय?"

"नाही गं," एवान्थिया म्हणाली. "दमलेय."

ईस्टरच्या दहा दिवस आधी अर्गिरो घरी आली. मिल्तोसनं खुर्ची बोळातून आणून पाहुण्यांच्या खोलीत एक गिरकी मारली, मुद्दाम. अर्गिरोनं डाव्या हातानं खुर्चीचा हात घट्ट धरला. उन्हात डोळे बारीक करून तिनं खोली बघितली. आश्रमानं दिलेला पलंग, त्याच्या दोन्ही बाजूंना मोकळी फरशी, समुद्राची पट्टी.

"ही खोली एवढी मोठी होती?"

"होतीच."

"आणि आपण स्वयंपाकघरात एकमेकींच्या कोपरांना कोपरं लावून जेवत होतो."

"हो."

"मूर्ख आहोत आपण."

"तू थोरली," एवान्थिया म्हणाली. "आधी तू."

नऊ महिने त्या तशा राहिल्या. एवान्थियानं आपली घडीची खाट बहिणीच्या पलंगाशेजारी आणली. दिवसभर अर्गिरो खिडकीतून रस्त्यावर लक्ष ठेवायची आणि कोण किती वाजता आलं-गेलं हे सांगायची. बायका बाजारातून येताना वर डोकावू लागल्या. मिल्तोस आठवड्यातून दोनदा यायचा. जुलैत अर्गिरोच्या नावाच्या सणाला खोलीत अकरा माणसं होती आणि बसायला खुर्च्या चार. लोक पलंगाच्या कडेवर बसले, बाल्कनीत उभे राहिले, मुरांबा एका बशीत दोघांनी खाल्ला. त्या खोलीत इतके पाहुणे आधी कधी आले नव्हते. दांडा बाल्कनीच्या दारात आडवा अडकवलेला असायचा, वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून. वस्तू खाली नेणं एवान्थियानं थांबवलं होतं. घरात काही उरलंच नव्हतं असं नाही. पण खुर्ची जात होती, आणि त्यापलीकडे तिला कशाचं काही नव्हतं. रोजची पिशवी फक्त राहिली होती.

ती गेली जानेवारीत. अर्गिरो आठला जागी झाली तेव्हा एवान्थिया खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती, शेजारी कॉफी, मान जरा कलती. अर्गिरोला वाटलं डोळा लागला असेल. आयुष्यभर तिनं धाकटीला हाका मारून उठवलं होतं. त्या सकाळी पहिल्यांदाच तिला वाटलं, झोपू दे, दमलीये. नऊपर्यंत तिनं हाक मारली नाही.

अर्गिरोला परत आश्रमात जावं लागलं नाही. राद्का नावाची बल्गेरियाची एक बाई तिच्यासोबत राहायला आली. तिला स्वतंत्र खोली हवी होती, आणि मागची खोली रिकामीच होती, नीट, स्वच्छ, पलंगाला दोन्ही बाजूंनी जागा असलेली. चाळिसाव्या दिवशी श्राद्धानंतर सगळे चर्चच्या दालनात कॉफीला बसले, तेव्हा अर्गिरोची खुर्ची टेबलाच्या मुख्य टोकाशी लावली होती. "कडेला ओले ग्लास ठेवू नका," तिनं दोनदा सांगितलं. ज्यांना ठाऊक होतं त्यांनी ग्लास उचलले. ज्यांना नव्हतं त्यांनीही उचलले.

एवान्थियाचं शेवटचं बोलणं स्तामातियानं ऐकलं. त्याच जानेवारीतल्या सकाळी, पावणेसातला. ती कामाला निघून जिन्यानं उतरत होती, तर दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडं आणि एवान्थिया उंबऱ्यात उभी, हातात कचऱ्याची पिशवी. लिफ्टचं बटण दाबायला हात वर गेलेला, पण दाबलेलं नव्हतं.

"मावशी, चेहरा का असा दिसतोय? बरं नाही का?"

"बरी आहे. खालीच चाललीस ना, मग एवढी पिशवी ने गं जाताना," एवान्थिया म्हणाली. "आणि भिंतीपाशी उघडून बघत बसू नकोस, बोट चुकेल. काही नाही त्यात, संत्र्याची सालं आहेत."